बंद पडण्याचं रजिस्टर

गाडी बंद पडते याचं मला दुःख नव्हतं. जुनी गाडी आहे, बंद पडायचीच. माझं दुःख वेगळं होतं. ती फक्त माझ्यासमोर बंद पडायची.

मिस्त्री आला की चालू. बायको बसली की चालू. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या अनुभवकाकांनी, ज्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा धड चालवलेली नाही, त्यांनी गंमत म्हणून किल्ली फिरवली, तर पहिल्या झटक्यात चालू. मी बसलो, की तिच्या मनात येईल तसं. कधी गुपचूप सुरू व्हायची. कधी ‘टक्’ करून गप्प. आणि कधी छान गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची, गतिरोधकावर चढायची, आणि मागे चार गाड्या जमल्यात याची खात्री करून मग गप्प बसायची.

गाडी म्हणजे छोटा ट्रक. निळा, पेट्रोलवरचा, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. माझ्या सासऱ्यांचा. तीस वर्षं त्यांनी त्यातून लोकांची बिऱ्हाडं हलवली. पुढे नजर गेली, समोरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी गाडी मला दिली आणि एकच सूचना केली.

“जावईबापू, रोज चालवा. उभी राहिली की रुसते.”

म्हणून मी ट्रकनं ऑफिसला जायला लागलो. मी एका मोठ्या कार्यालयात रेकॉर्ड विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे कर्मचारीही मीच आहे, पण प्रमुख आहे. पहिल्याच दिवशी वॉचमननं गेटवर काठी आडवी केली.

“माल मागच्या गेटनं.”

“अहो, मी माल नाही. मी रेकॉर्ड विभागाचा प्रमुख आहे.”

त्यानं वाकून हौदा पाहिला, मग मला पाहिलं. “मग रेकॉर्ड मागच्या गेटनं.”

तेव्हापासून मी मागच्या गेटनं जातो. अपमान गिळायची सवय माणसाला होते, पण ज्या गाडीसाठी गिळला ती तरी चालायला हवी ना!

आणि आता तर ती चालायलाच हवी होती. सासरे एकटे राहायचे. बायको दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती, “बाबा, आता इकडे या.” शेवटी ते तयार झाले, राहतं घर एका नव्या जोडप्याला विकलं, आणि महिन्याभरानंतरच्या बुधवारी सकाळी घर रिकामं करून द्यायचं ठरलं. फक्त त्यांनी एक अट घातली.

“माझं बिऱ्हाड माझ्या गाडीतून हलेल. एवढ्या लोकांची हलवली मी, आणि माझं स्वतःचं भाड्याच्या गाडीत घालून कुणा परक्या ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसू? गाडी आली तर मी आलो. नाही आली, तर मी आपला तिथंच कुठंतरी एक खोली बघेन.”

हे ते रागानं बोलले असते तर आम्ही समजूत काढली असती. ते अगदी शांतपणे, चहा फुंकत बोलले. त्यामुळे बायको घाबरली.

वर गाडीचं तपासणीचं प्रमाणपत्र नेमकं आदल्या दिवशी, मंगळवारी संपत होतं. नवं मिळालं नाही तर बुधवारी ती रस्त्यावर आणायचीच नाही. म्हणजे गाडीचं दुखणं महिन्याभरात शोधायचं होतं.

मी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री सज्जन माणूस. ऑफिसच्या वाटेवर गाडी बंद पडली की मी फोन करायचो, तो स्कूटरवरून यायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, “किल्ली द्या, साहेब.”

इथे माझ्या किल्ल्यांबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे ऑफिसच्या एकोणतीस किल्ल्यांचा जुडगा आहे, लोखंडी कडीत ओवलेला. बावीस वर्षांपूर्वी रुजू होताना मला लेखी मिळालंय, की हा जुडगा कुणाच्याही हाती द्यायचा नाही, आणि सुटीच्या दिवशी घराबाहेर न्यायचा नाही. बावीस वर्षांत एक किल्ली हरवलेली नाही. त्यामुळे गाडी आली तेव्हा तिची किल्लीही मी विश्वासानं त्याच कडीत ओवली. नियमात किल्ली द्यायची नाही असं आहे, घालायची नाही असं कुठेही नाही.

तर मिस्त्रीनं किल्ली मागितली की मी जुडग्यातून गाडीची तेवढी सोडवायचो. कडी घट्ट, दोन मिनिटं लागायची, नख दुखायचं. मग ती सुटी किल्ली त्याच्या हाती. तो बसायचा, फिरवायचा, गाडी घुर्र करून सुरू.

“काय झालं होतं?” तो विचारायचा.

“बंद होती.”

“आता तर चालू आहे.”

“मघाशी बंद होती हो!”

तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की मला वाटायचं, आता हा माझीच नाडी बघणार. मी म्हणायचो, माझ्याबरोबर बस, मी चालवतो, बघ. पण त्याचंही तत्त्व होतं. “ट्रायल मीच घेणार, साहेब. दुसऱ्यानं चालवली की मला आवाज कळत नाही.”

तरी माझ्या शब्दावर त्यानं प्लग बदलले. मग कॉइल बदलली. मग वायरी बदलल्या, बॅटरीची टोकं घासली. प्रत्येक वेळी स्वतः लांब चक्कर मारून आणली आणि सांगितलं, “आता एकदम ओके.” दुसऱ्या दिवशी मी बसलो, की गतिरोधकापर्यंत ओके.

घरी बायको म्हणाली, “अहो, मी चालवते तेव्हा कधी पडलीय का बंद?” तिच्याकडे तिची वेगळी किल्ली होती, बाबांनी दिलेली.

“तुझ्या माहेरची आहे ना. मला परका समजते.”

“तसं नाही. तुम्ही तिला ऑफिसला नेता. कंटाळत असेल. तुम्ही कंटाळत नाही का?”

अनुभवकाका जिन्यातच गाठायचे. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझ्या अनुभवानं’ असं सुरू होतं, म्हणून हे नाव. “माझ्या अनुभवानं सांगतो, पेट्रोलमध्ये हवा शिरते. झाकण लावताना श्वास रोखून लावायचं.” मी आठवडाभर श्वास रोखून झाकण लावलं. पंपावरची माणसं मला पाणी विचारायला लागली. पुढच्या आठवड्यात, “गाडीचं तोंड दुसरीकडे करून उभी करा, सकाळचं ऊन थेट इंजिनावर येतंय.” तोंड फिरवलं, तर खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंच्या खिडकीत हौदा आला. त्या मशीन थांबवून बाहेर आल्या.

“भाऊजी, उजेड गेला माझा. आणि ती पँट आणा म्हटलं होतं ना? डावा खिसा परत फाटलाय. दर पंधरा दिवसांनी फाटतो तुमचा. खिशात धोंडे भरता का हो?”

“ताई, इथं गाडीचं एवढं मोठं प्रकरण चाललंय आणि तुम्ही खिशाचं काय घेऊन बसलात!”

मी शहाणा माणूस. उपाय माझ्या पद्धतीनं करायचं ठरवलं. रजिस्टर आखलं.

माझा यावर विश्वास आहे, की जगातली कुठलीही गोष्ट पुरेसे रकाने आखले की सापडते. मी चौदा आखले. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, ऊन, टाकीत पेट्रोल किती, चाकांत हवा किती, इंजिन गरम की गार, सुरू व्हायला किती मिनिटं लागली, वाटेत गतिरोधक किती, कुणी ढकलली, गाडीत कोण कोण होतं. बायको म्हणाली, “तुम्ही कुरकुर करायला लागलात की ती बंद पडते,” म्हणून एक रकाना ‘काय बोलणं चाललं होतं’ याचा. अनुभवकाकांच्या आग्रहाखातर वाऱ्याची दिशा. महिनाभर मी एकही नोंद चुकवली नाही. चौकात मागून हॉर्न वाजत असताना मी खाली उतरून बोट ओलं करून वारा बघितलेला आहे. लोक काय काय बोलले ते रजिस्टरात नाही, त्यासाठी रकाना नव्हता.

महिन्याच्या शेवटी नोंदी मांडल्या. एकेचाळीस वेळा बंद पडली होती. त्यात एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. रविवारी एकदाही नाही.

मी ताडकन उठलो. “सापडलं! रविवारी बंद पडत नाही!”

“मग बाबांना रविवारी आणायचं का?” बायको म्हणाली.

“घर बुधवारी द्यायचंय.”

“मग सापडून काय झालं?”

अनुभवकाकांनी अर्थ लावला, की रविवारी रस्त्यावर गर्दी नसते, म्हणून गाडीला घाबरायला होत नाही. मला तो पटला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण पटला.

सोमवारी बायकोला घेऊन तपासणी केंद्रात गेलो. रांग मोठी होती. निरीक्षक चष्मा कपाळावर ठेवून गाड्या बघत होते. आमची पाळी आली.

“किल्ली?”

मी सवयीप्रमाणे कडीतून किल्ली सोडवली, नख चोखलं आणि सुटी किल्ली दिली. निरीक्षकांनी गाडी पाच वेळा बंद करून पाच वेळा सुरू केली. दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला. मग टेबलाशी येऊन ‘पास’चा शिक्का उचलला, शाईवर टेकवला.

आणि मी म्हणालो, “साहेब, एक सांगायचं होतं.”

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून.

“ही गाडी आत्ता चालली, पण खरं म्हणजे ती बंद पडते. नोंद असलेली बरी.” आणि मी पिशवीतून रजिस्टर काढलं.

निरीक्षकांनी शिक्का हवेत धरून पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मग शिक्का खाली ठेवून खुर्चीत बसले. रांगेतली माणसं पुढे सरकून वाचायला लागली.

“अक्षर सुंदर आहे तुमचं.”

“आभारी आहे.”

“एकेचाळीस वेळा बंद पडली?”

“बेचाळीस. आज सकाळचं अजून शाईनं लिहायचंय.”

त्यांनी मान डोलावली, आणि दुसरा शिक्का उचलला.

“अहो, पण तुम्ही पास करत होतात!”

“तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माझ्यासमोर लेखी पुरावा आहे. तो पण चौदा रकान्यांचा. मिस्त्रीचं पत्र आणा, की दोष सापडला आणि दूर केला. उद्या पाचच्या आत.”

परतीच्या वाटेवर बायको एक अक्षर बोलली नाही. गाडी दोनदा बंद पडली. ‘काय बोलणं चाललं होतं’ या रकान्यात मी दोन्ही वेळा रेघ ओढली.

मिस्त्रीनं पत्राला साफ नकार दिला. “साहेब, जे मी बघितलंच नाही ते दूर केलं म्हणून कसं लिहू? तुमच्या सांगण्यावरून सगळं बदललं. आता त्या गाडीत जुनं म्हणाल तर तुम्हीच उरलात.”

मंगळवारी दुपारी अर्धा दिवस रजा टाकून मी सासऱ्यांकडे निघालो, त्यांना सांगायला, की गाडी येत नाही, मी भाड्याची ठरवतो, आणि माझ्यावर रागवा पण या. वाटेत गाडी एकदाच बंद पडली. जणू तिलाही मला तिथं पोचवायची घाई नव्हती.

दाराशी आलो आणि आत पाहिलं. सगळं बांधून तयार होतं. गुंडाळलेली गादी. ट्रंक. टेबल, चारी पाय सुतळीनं आवळलेलं. भिंतीवरचं घड्याळ गोधडीत गुंडाळलेलं, आतून त्याची टिकटिक ऐकू येत होती. नजर नसलेल्या माणसानं सगळं हातानं चाचपून बांधलं होतं, आणि एक गाठ वाकडी नव्हती. स्वतः सासरे पायरीवर बसलेले, अंगात धुतलेला शर्ट. बिऱ्हाड हलायचं होतं दुसऱ्या दिवशी.

“इंजिनाचा आवाज बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण दुसरं काहीतरी वाजतंय. गाडीत भांडी ठेवलीत का, जावईबापू?”

“भांडी? नाही.”

“मग काय खुळखुळत होतं? थांबा. मला बसवा आत. एक चक्कर मारू.”

“बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय—”

“गाडीत सांगा.”

मी हात धरून त्यांना चढवलं. बसल्याबरोबर त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला, आणि तिथंच राहू दिला. मी किल्ली फिरवली. सुरू झाली. गल्लीच्या टोकाला गतिरोधक होता. पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि टक्.

मी रजिस्टर काढायला हात मागे नेला.

“काही करू नका,” सासरे म्हणाले. “जसं आहे तसं राहू द्या.”

त्यांचा हात डॅशबोर्डवरून सरकत, चाचपत, स्टीअरिंगच्या बाजूला आला. स्विचवरून खाली. माझ्या जुडग्याला बोटं लागली आणि थांबली. एकेक किल्ली त्यांनी अंगठ्यानं मोजल्यासारखी चाळली.

“जावईबापू, हे काय आहे?”

“ऑफिस आहे, बाबा.”

 मग त्यांनी तो जुडगा तळहातावर घेतला, लहान मुलाची हनुवटी उचलावी तसा अलगद वर उचलून धरला.

“आता फिरवा.”

गाडी सुरू झाली. त्यांनी हात काढला. जुडगा खाली आला, झुलला, टक्. परत उचलला. सुरू. परत सोडला. टक्.

“तीस वर्षं,” ते म्हणाले, “या स्विचला मी एक किल्ली लावली. ती पण दोऱ्यात. आणि तुम्ही बिचारीच्या कानात अख्खं ऑफिस लटकवलंत!”

माझ्या डोळ्यांसमोर रजिस्टरातल्या सगळ्या नोंदी आल्या. वाऱ्याची दिशा आली. मिस्त्रीला दर वेळी नखं मोडून सुटी करून दिलेली किल्ली आली. आणि रविवार आला. रविवारी नियमानं जुडगा कपाटात असतो आणि गाडीला बायकोची सुटी किल्ली. मी गाडी तशीच गल्लीत उभी ठेवून कपाळ स्टीअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. सासरे हसायला लागले. इतके हसले, की शेवटी मलाही हसावं लागलं, आणि मागच्या गाडीवाल्याला वाटलं आम्ही त्याला हसतोय.

मिस्त्रीला प्रयोग करून दाखवला. तो एका जुन्या टायरवर बसला.

“साहेब, तुम्ही दर वेळी मला किल्ली सोडवून का देत होतात?”

“नियम आहे.”

“आणि रजिस्टरात किल्लीचा रकाना?”

“नाही आखला.”

“वाऱ्याचा आखलात?”

मी बूट बघत उभा राहिलो. स्विच आतून झिजला होता, तो त्यानं पाऊण तासात बदलला आणि आनंदानं पत्र लिहून दिलं. पाचाला दहा मिनिटं कमी असताना निरीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं: “दोष, मालकाचा किल्ल्यांचा जुडगा. उपाय, मालकास समज दिली.” चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून त्यांनी एकदा मला नीट पाहिलं, आणि ‘पास’ मारला. रजिस्टर मात्र ठेवून घेऊ का, म्हणाले, नव्या लोकांना दाखवायला. मी दिलं नाही.

बुधवारी बिऱ्हाड हललं. मी रजेवर होतो, पण नियमात सुटी आहे, रजा नाही; आणि एकट्याच्या विभागात जुडगा सोपवणार कुणाला? तो माझ्या डाव्या खिशात होता. गाडीची किल्ली सासऱ्यांनी टेबलाच्या पायाची उरलेली सुतळी तोडून तिच्यात बांधून दिली होती. सामान चढलं. घड्याळ बायकोनं मांडीवर घेतलं. नवं जोडपं दारात उभं होतं. सासऱ्यांनी हातानं चौकट चाचपत दार ओढलं, कुलूप लावलं, आणि दोन किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. मग खिशातून तिसरी काढली.

“ही पण तुमचीच.”

“राहू द्या आजोबा,” ती मुलगी म्हणाली. “आम्ही दारच बदलणार आहोत.”

ते “बरं” म्हणाले. गाडीत आमच्या दोघांच्या मधे बसले. किल्ली मुठीत. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, पण त्याचं कुणीच कौतुक केलं नाही. गल्लीच्या टोकाचा गतिरोधक आला, गेला. पुढचा आला, गेला. बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि मांडीवरचं घड्याळ उगाच थोपटत होती.

तिसऱ्या गतिरोधकानंतर सासरे म्हणाले, “त्या एकोणतिसांपैकी लागतात किती हो तुम्हाला?”

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. “अकरा.”

“बाकीच्या?”

“त्यांची कपाटं गेली बाबा. काही मोडीत, काही कुठे गेली कुणाला माहीत नाही. पण किल्ल्या यादीत आहेत.”

“म्हणजे सांभाळता.”

“हो.”

ते थोडा वेळ इंजिन ऐकत बसले. मग मूठ माझ्याकडे केली आणि उघडली.

“ही पण घ्या मग.”

बायकोनं खिडकीकडून तोंड वळवलं. मी गाडी बाजूला घेतली, जुडगा काढला, कडी फाकवली. नख मोडलं. आधी गाडीच्या किल्लीची जागा होती, तिथं ती नेमकी बसली. नियमात किल्ली घालायची नाही असं कुठेही नाही, हे मी मागेच सांगितलंय.

घरी पोचल्यावर रजिस्टरात शेवटची नोंद केली. गतिरोधक सात, बंद पडली नाही, माणसं तीन. ‘काय बोलणं चाललं होतं’ या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो. शेवटी लिहिलं, ‘किल्ल्यांबद्दल’. वाऱ्याची दिशा बघितली नव्हती.

दोन दिवसांनी डावा खिसा फाटला. पँट घेऊन खाली गेलो. जुडग्याची गोष्ट तोवर सगळ्या इमारतीला कळली होती. शिवणकामवाल्या ताईंनी भोकात बोट घालून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, एखादी वाढली का?”

“हो,” मी म्हणालो. “घरची आहे. अस्तर जरा जाड घाला.”